पहिली नळी

मी एक पेटी बोलतेय. दागिन्यांची नव्हे, मतांची नव्हे, गाण्याबजावण्याची तर मुळीच नव्हे. मी रक्ताची पेटी. दचकू नका, ते जुनं झालं. आता माझ्यात कापडाच्या चिंध्या, रिकामी रिळं, एक जोडी छोटे बूट आणि आणखी एक वस्तू आहे, तिच्याबद्दल शेवटी सांगेन. माझ्या झाकणावर एक मुलगा बसलेला आहे.

त्याला आपलं आपण उठता येत नाही आणि मला चालता येत नाही, म्हणून आमचं बरं जमतं. तो फारसं बोलतही नाही. मग मीच बोलते.

माझा जन्म युरोपातल्या एका कारखान्यात झाला. जन्म कसला, साच्यात प्लॅस्टिक ओतलं, निवल्यावर ठोकून बाहेर काढलं, दोन भिंतींच्या मधे फेस भरला आणि वरून निळा रंग दिला. झाकण जड, कडेने रबराची पट्टी. आत थंडी कोंडून ठेवायची, एवढंच काम. माझ्या बरोबरीच्या बहिणी कुठे कुठे गेल्या. कुणी मासे वाहिले, कुणी सहलीला जाऊन थंडगार बाटल्या सांभाळल्या. माझ्या नशिबी विद्यापीठ आलं. तेव्हा मला केवढा तोरा चढला होता म्हणून सांगू!

मला निवडलं एका प्रोफेसरांनी. पिकलेले केस, हळू आवाज, दारातून नेहमी दुसऱ्याला आधी जाऊ देणारा माणूस. त्यांनी माझं झाकण उघडून मिटून पाहिलं आणि हाताखालच्या पोरीला म्हणाले, "ही टिकेल." टिकले. टिकायला नको होतं असं पुढे कितीदा वाटलं, पण पेटीला मोडायचंही स्वातंत्र्य नसतं.

मग माझ्या अंगावर चिकटपट्ट्या बसल्या. एकीवर बाण होता आणि लिहिलं होतं, ही बाजू वर. ते वाचूनच मला आडवी टाकत असावेत, कारण प्रत्येक विमानतळावर मी आडवीच पडायचे. माणसाला काही लिहून सांगितलं की त्याचा हात हमखास उलटा पडतो, हे मी पहिल्याच प्रवासात शिकले.

इकडे उतरले तेव्हा मला न्यायला नाना आले. नाना म्हणजे सरकारी इस्पितळाच्या गाडीचे ड्रायव्हर. मला उचलताना त्यांच्या कमरेत कळ आली.

"रिकामीच एवढी जड? भरल्यावर काय जीव घेणार आहेस का, बाई?"

तेव्हापासून नाना मला 'बाई' म्हणत. गाडीत मला मागच्या सीटवर बसवून पट्टा लावत. इतका मान मला तिकडे विद्यापीठात कधी मिळाला नाही.

इस्पितळाच्या लांबलचक व्हरांड्याच्या टोकाला, मोडक्या खाटांच्या खोलीशेजारी, दोन खोल्यांची प्रयोगशाळा होती. दार फुगलेलं. कडी धरून जरा वर उचलायचं आणि खांद्याने ढकलायचं, तेव्हा उघडायचं. आत एक मोठा फ्रीझर सतत घुमत असे, एक नळ ठिबकत असे, आणि एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी घातलेलं स्टूल डुगडुगत असे. या सगळ्याच्या मालकीण म्हणजे मॅडम. लहान मुलांच्या डॉक्टर. केस कसेबसे बांधलेले, चष्मा कायम डोक्यावर, आणि तो शोधायला सगळ्यांना कामाला लावलेलं.

मी इथे का आले, ते आता सांगायलाच हवं. नदीकाठच्या वस्त्यांमधल्या मुलांना एक आजार व्हायचा. चांगलं धावतं-खेळतं मूल चार-पाच वर्षांचं झालं की चवड्यावर चालायला लागायचं. टाच जमिनीला टेकायचीच नाही. मग पडायला लागायचं. मग हातातला पेला सांडायला लागायचा, बोलणं जड व्हायचं, आणि शेवटी घास गिळता येईना. कधी कधी एकाच घरात दोघांना. वस्तीत त्याला औषध नव्हतं आणि नावही नव्हतं. लोक एवढंच म्हणायचे, "अमक्याच्या पोरीने टाचा उचलल्या." हे वाक्य ऐकलं की बायका आपापल्या पोरांच्या पायांकडे बघायच्या.

मॅडमनी वर्षानुवर्षं ही मुलं पाहिली होती. एका परिषदेत त्यांनी प्रोफेसरांना गाठलं. प्रोफेसरांकडे असं यंत्र होतं, जे रक्तातला बारीकसा बिघाडही दाखवायचं. पण एका मुलाच्या रक्तावरून काही कळत नाही. पुष्कळ आजारी मुलांच्या रक्तात सारखं काय बिघडलंय, ते शोधावं लागतं. दोघांनी मिळून काम करायचं ठरवलं. दोन्ही देशांच्या सरकारांनी मान डोलावली, टाळ्या वाजल्या, फोटो निघाले. त्या फोटोत मीही आहे. खाली, डाव्या कोपऱ्यात, कुणाच्या तरी बुटापाशी.

ठरलं ते साधंच होतं. प्रत्येक मुलाचं रक्त दोन नळ्यांत घ्यायचं. एक नळी तिकडे जाईल, एक इकडे फ्रीझरमध्ये राहील. दोन्ही सारख्या भरायच्या.

त्यातच पहिल्या खेपेला एका मुलाची शीर सापडेना, ते रडून रडून निळं पडलं, आणि तिकडे जाणारी नळी अर्धीच भरली. प्रोफेसरांनी पुढे फोनवर सहज विचारलं, "त्या एका नळीत थोडं कमी आहे का?" बस्स, एवढंच. त्यांच्या मनात काही नव्हतं, पण मॅडमच्या जिवाला ते लागलं. त्यांनी नर्सला बोलावलं.

"सिस्टर, यापुढे पहिली नळी त्यांची. काठोकाठ. दुसरी आपली, येईल तेवढी."

"मॅडम, या पोरांच्या अंगात रक्त ते किती! पहिली भरेपर्यंतच दमतात. आपल्याला उरणार काय?"

"आपलं काय, आपण घरचेच. लागलं तर कधीही परत घेऊ. पाहुण्यांचं काम अडायला नको."

झालं, तोच नियम पडला. कुणी लिहिला नाही, कुणी शिकवला नाही, पण सगळ्यांना लगेच समजला, कारण घरी पाहुणा आला की इकडे सगळे असंच वागतात. चांगली खुर्ची पाहुण्याला, गरम ते पाहुण्याला, आणि उरलंसुरलं आपण उभ्या उभ्या खायचं. मला तेव्हा यात काही वावगं दिसलं नाही. उलट काठोकाठ भरलेल्या नळ्या माझ्यात रांगेने उभ्या राहिल्या की मलाच मिरवावंसं वाटायचं.

आता चिमणीबद्दल सांगते. वस्तीच्या तोंडाशी एक बाई शिवणकाम करायची. लोकांच्या पँटींची लांबी कमी करणं, शाळेचे गणवेश, फाटलेल्या उशा. तिची मोठी मुलगी चिमणी. पाच वर्षांची, टाचा नुकत्याच उचललेल्या. पहिल्यांदा आली तेव्हा डुगडुगत्या स्टुलाकडे तिने एकदा पाहिलं आणि सरळ येऊन माझ्यावर बसली.

"अगं, ती पेटी आहे, खुर्ची नव्हे," सिस्टर म्हणाली.

"मग पेटीवर बसलं तर काय होतं?"

चिमणी बसली ती बसलीच. बसून माझ्या अंगावर टाचा आपटायची, डावी, उजवी, डावी, उजवी. चालताना ज्या टाचा जमिनीला लागत नव्हत्या, त्या माझ्यावर अश्शा वाजायच्या की फ्रीझरचं घुमणं ऐकू येईना.

"माझं रक्त कुठे नेणार?" तिने मॅडमना विचारलं.

"लांब. विमानाने."

"विमानाने? मग मी पण विमानात बसले असंच झालं की!" आईकडे वळून ती म्हणाली, "आई, तू नाही गेलीस अजून."

आई हसली. सुई टोचताना तिनेच डोळे मिटले, पोरीने नाही. पहिली नळी काठोकाठ भरली. दुसरीत बोटाच्या पेराएवढं आलं आणि चिमणी म्हणाली, "आता बास हं." सिस्टरने मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी मान हलवली, पुरे. जाताना आईने विचारलं, "मॅडम, कळेल ना काय झालंय ते?" मॅडम म्हणाल्या, "कळलं की सगळ्यात आधी तुम्हाला सांगेन. माझा शब्द." मी तिथेच होते. शब्द दिलेला मी ऐकला आहे.

त्याच सुमाराला प्रोफेसरांच्या हाताखालची ती उंच पोरगी तिकडून आली. चिखलात पाय भरायला नकोत म्हणून गुडघे उचलून उचलून चालायची. चिमणीने तिला बघताक्षणी नाव ठेवलं, बगळामावशी. ते नाव साऱ्या इस्पितळात झालं, अगदी नानासुद्धा गाडीतून उतरून म्हणायचे, "बगळाताई, चला." तिला अर्थ कळल्यावर तिने एका पायावर उभं राहून दाखवलं. चिमणी इतकी हसली की माझ्यावरून खाली पडली. पडल्यावर उठता येईना, तेव्हा हसणं थांबलं आणि मग कुणीच हसलं नाही.

बगळ्याला इकडची भाषा पाचपन्नास शब्दांपुरती येत होती. रक्त, दुखलं का, बास, छान. एक दिवस फ्रीझर उघडून तिने इकडच्या नळ्या पाहिल्या आणि विचारलं, "अर्धं का?"

मॅडम ओशाळल्या. "अगं, मुलं लहान असतात. तुमची भरली की झालं."

"नाही. ठरलं, सारखं." तिने दोन बोटं जवळ धरून दाखवली.

"चहा घेतेस ना? नाना, जरा चहा सांगा."

इकडे अडचणीचा विषय निघाला की चहा येतो. चहा आला. बगळ्याचा कप काठोकाठ, मॅडमचा अर्धा. बगळ्याने दोन्ही कपांकडे पाहिलं, काहीतरी बोलावंसं वाटलं तिला, पण चहा गरम होता आणि सगळे इतके प्रेमाने तिच्याकडे बघत होते. तो विषय पुन्हा निघाला नाही.

मी मात्र जात-येत राहिले. जाताना माझ्यात ड्राय आइस भरायचे. तो पाण्याचा बर्फ नव्हे, वितळत नाही, नुसता धूर होऊन उडून जातो. त्या धुरात नळ्या ठेवून मी समुद्र ओलांडायचे. तिकडे बगळा माझं झाकण उघडायची, एकेक नळी दोन्ही हातांनी काढायची. आणि परतताना मी रिकामी. अगदी रिकामी म्हणणं बरोबर नाही. हातमोजे असायचे, कोऱ्या नळ्या असायच्या, लेबलं असायची. म्हणजे पुढच्या खेपेला मला भरून नेण्याचंच सामान.

उत्तर मात्र कधीच माझ्यातून आलं नाही. प्रोफेसरांचं एक तत्त्व होतं. पूर्ण खात्री झाल्याशिवाय तोंडातून शब्द काढायचा नाही. पूर्वी कधीतरी कुणी घाईने उत्तर सांगितलं होतं, ते चुकीचं निघालं, आणि आईबापांनी भलतीच औषधं देऊन मुलं गमावली होती. म्हणून ते म्हणायचे, "खोटी आशा देण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं." माणूस वाईट नव्हता. या गोष्टीत कुणीच वाईट नाही, आणि म्हणून मला कुणावर धड चिडताही येत नाही.

चिमणी गेली. नाना सांगत आले, दारातच थांबले, दार उचलून ढकलायलाही विसरले. "आपली चिमणी गेली, मॅडम." मॅडमनी डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला, मग काढला आणि टेबलावर ठेवला. त्या दिवशी खोलीत कुणाचंच कामात लक्ष नव्हतं.

काही दिवसांनी तिची आई आली. कडेवर धाकटा. गुटगुटीत, नुकता पळायला लागलेला, खाली सोडल्याबरोबर खोलीभर धावला आणि नळाखाली हात भिजवून आला. आई त्याच्या पायांकडेच बघत होती.

"मॅडम, तिच्या रक्ताचं काही कळलं का?"

"अजून नाही हो."

"तिच्यासाठी नाही विचारत." बाईने धाकट्याला परत कडेवर घेतलं. "याच्यासाठी विचारतेय."

"येईल. नक्की येईल."

आणि नेमकं तेव्हाच दोन सरकारांचं बिनसलं. कशावरून बिनसलं, ते पेटीला काय कळणार. ज्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या, त्यांनीच एकमेकांवर बोटं रोखली. मी तेव्हा विमानतळावर होते, नळ्यांनी भरलेली. खिडकीमागचा अधिकारी नानांना म्हणाला, "ही पेटी जाणार नाही. त्या देशाशी देणंघेणं बंद. सामान नाही, माहिती नाही, काही नाही. वरून आदेश आहे."

"साहेब, आत लहान मुलांचं रक्त आहे. भांडण तुमचं, या पोरांनी काय केलंय?"

"माझ्या हातात असतं तर सोडली नसती का, काका? सही वरच्यांची लागते. थांबा, विचारतो."

आम्ही थांबलो. याला विचार, त्याला विचार, साहेब जेवायला गेलेत, साहेब आज येणार नाहीत, आता पेटी परत न्यायची तरी परवानगी लागेल. नाना माझ्याशेजारी बाकावर बसून होते. मधूनमधून झाकणावर हात ठेवून बघायचे, गार आहे ना. माझ्या भिंती कितीही जाड असल्या तरी आतला बर्फ काही कायमचा नसतो. आधी धूर संपला, मग गारवा संपला. इस्पितळात परत पोचलो तेव्हा नळ्यांमधलं रक्त पातळ होऊन नासलं होतं. सिस्टरने एकेक काढून बादलीत टाकली. मी काहीच करू शकले नाही, आणि ते मला अजून सहन होत नाही.

त्यानंतर तिकडून फोन नाही, निरोप नाही. मॅडमनी केलेले फोनही लागत नव्हते. बगळा जिवंत आहे की नाही, तेही कळेना.

धाकटा वाढत होता. आई त्याला डोळ्यांत तेल घालून बघायची. एक दिवस ती आली ती बुटांची जोडी घेऊन. मॅडमच्या टेबलावर, कागदांच्या ढिगावरच तिने ते बूट ठेवले.

"टाचा बघा, मॅडम."

मॅडमनी बूट उलटे केले. "नव्याच दिसतात की."

"नव्या नाहीत. वर्षभर वापरलेत. आता पुढे बघा."

पुढे चवड्यापाशी तळ झिजून भोक पडलं होतं, आतला मोजा दिसेल असं. मॅडमनी बूट हळूच खाली ठेवले. आई रडली नाही. ती म्हणाली, "अजून पळतोय. थोडाच चवड्यावर आहे. अजून वेळ आहे, मॅडम. काहीतरी करा."

आणि मॅडमनी केलं, अगदी जीव तोडून केलं. राजधानीतल्या मोठ्या प्रयोगशाळेत तसलंच एक यंत्र होतं. जुनं, रक्त जास्त मागणारं, पण होतं. मॅडमनी तिथल्या साहेबांच्या मिनतवाऱ्या केल्या. फ्रीझरमधल्या सगळ्या दुसऱ्या नळ्या माझ्यात भरल्या, नानांनी मला पट्टा लावला, आणि आम्ही निघालो. वाटेत मॅडमनी एकदाही खिडकीबाहेर बघितल्याचं मला आठवत नाही. त्यांचा हात माझ्या झाकणावर होता.

साहेबांनी एक नळी काढली, उजेडात धरली. दुसरी काढली. मग एकदम मूठभर.

"डॉक्टर, हे काय? तळाशी थेंबभर आहे. एवढ्यात माझं यंत्र जागंसुद्धा होणार नाही. बाकीचं कुठाय?"

"तिकडे."

"सगळं? अर्धं अर्धं ठरलं नव्हतं का?"

"ठरलं होतं. पहिली नळी आम्ही त्यांची भरायचो."

"का?"

मॅडम काय सांगणार? पाहुणे होते म्हणून? लाज वाटली म्हणून? साहेबांनी तरी प्रयत्न केला. होतं नव्हतं ते यंत्राला दिलं. चिमणीची नळीही गेली त्यात. यंत्राने काहीच दाखवलं नाही, पुरलंच नाही.

परतताना मॅडम नानांना म्हणाल्या, "नाना, मी म्हणाले होते, कधीही परत घेऊ." आणि मग त्या रडल्या, भर दुपारी, रहदारीत, मोठ्याने. नानांनी गाडी कडेला घेतली आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

मॅडम वस्तीत दारोदार फिरल्या. जी आजारी मुलं अजून होती, त्यांचं रक्त द्या म्हणाल्या. लोकांनी दारं लावून घेतली नाहीत, पण बाहीही वर केली नाही. एक म्हातारा म्हणाला, "आधी नेलंत त्याचं काय झालं ते सांगा, मग नवीन घ्या." त्याचं काय चुकलं? एकट्या धाकट्याच्या रक्तावरून तर काही कळणार नव्हतं.

धाकटा चवड्यावर आला. मग पडायला लागला. मग पेला सांडायला लागला. पायरी पायरीने सगळं तसंच, बहिणीच्या मागोमाग. प्रयोगशाळेला कुलूप लागलं, फ्रीझर दुसऱ्या विभागाने नेला, आणि मी मोडक्या खाटांच्या खोलीत जाऊन पडले. तिथून मला चिमणीच्या आईने मागून घेतलं. "धाकट्याला बसायला हवी. शिलाई मशीनशेजारी बरोबर उंचीला बसते," ती म्हणाली. दुसरं कारण तिने सांगितलं नाही. पण घरी आणल्यावर माझ्या अंगावर जिथे चिमणीच्या टाचांचे ओरखडे आहेत, तिथे तिने कितीतरी वेळ हात फिरवला होता.

वर्षं गेली. सरकारांचं पुन्हा गूळपीठ जमलं. पुन्हा टाळ्या, पुन्हा फोटो. आणि एक दिवस दारात बगळा उभी राहिली. केसांत पांढरं आलेलं, हातात एक नवीकोरी पांढरी पेटी. मागे मॅडम आणि सिस्टर. प्रोफेसर आता नव्हते.

बगळा तिच्या भाषेत बोलत होती आणि मॅडम इकडच्या भाषेत सांगत होत्या. या मुलांच्या अंगात एक रस तयार होत नाही. म्हणून खाल्लेल्यातलं काहीतरी साठत जातं आणि नसांना मारतं. त्यावर गोळ्या आहेत. साध्या, रोज एक.

"टाचा उचलायच्या सुमाराला सुरू केल्या, तर मूल चालतं राहतं," मॅडम म्हणाल्या.

"आणि आता?"

"आता आहे तिथे थांबेल. याहून वाईट होणार नाही."

आईने धाकट्याकडे पाहिलं. मशीनच्या चाकावरचा हात तिने काढला नाही.

"कधी कळलं तुम्हाला?"

हा प्रश्न मॅडमना सांगावाच लागला नाही. बगळ्याला तेवढी भाषा येत होती. तिने जमिनीपासून हात वर धरला, एवढा, गुडघ्याच्या जरा वर. धाकटा एवढा होता तेव्हा. नळाखाली हात भिजवून पळाला होता तेव्हा.

"सगळ्यात आधी चिमणीच्या रक्तात दिसलं होतं," मॅडम तिचे शब्द सांगत राहिल्या. "खात्रीसाठी पुन्हा तपासायचं होतं. त्यांची नळी संपली होती. दुसरी आपल्याकडे होती, आणि कळवायला बंदी होती. ही म्हणते, मी एकदा कळवायला फोन उचलला होता. नोकरीच्या भीतीने खाली ठेवला." मग मॅडम थांबल्या आणि स्वतःचं बोलल्या. "आपली नळी भरलेली असती ना, तर राजधानीत इथल्या इथे कळलं असतं. कुणाला विचारायची गरजच पडली नसती."

इकडे अडचणीचा विषय निघाला की चहा येतो. त्या दिवशी चहा आला नाही.

गोळ्या सुरू करायच्या आधी धाकट्याचं रक्त घ्यायचं होतं. सिस्टरने सुई लावली. पहिली नळी भरली, काठोकाठ. सिस्टरने ती सवयीने मॅडमकडे दिली, मॅडमचा हात सवयीने पांढऱ्या पेटीकडे गेला, आणि आईने तो मनगटाशी धरला.

"ती नाही. ती आपली."

"ताई, इथे कुठे ठेवणार?"

"पेटी आहे ना."

एका बाजूने मॅडमनी आणि दुसऱ्या बाजूने बगळ्याने धाकट्याला धरून उचललं. आईने माझं झाकण उघडलं आणि ती नळी चिंध्यांमध्ये, त्या छोट्या बुटांशेजारी ठेवली. झाकण लावलं. दोघींनी धाकट्याला परत बसवलं. दुसरी नळी बगळ्याने नेली. तिच्यात अर्धंच आलं होतं. ती हात जोडून निघाली आणि चिखलातून जाताना तिने पाय उचलले नाहीत.

माझ्यात बर्फ नाही. माझी रबराची पट्टी कधीच झिजली. ती नळी माझ्यात नासणार, हे मॅडमना ठाऊक होतं, बगळ्याला ठाऊक होतं, मला तर होतंच. आईलाही ठाऊक असावं. ती नळी अजून माझ्यात आहे, काळी पडली आहे, आणि आई तिला कुणाला हात लावू देत नाही.

नवी पांढरी पेटी आता जाते-येते. वस्तीतल्या दुसऱ्या लेकरांना गोळ्या मिळतात, ती धावतात, त्यांचा गलका दारातून आत येतो. मला त्या पांढरीला एवढंच सांगायचं आहे. जा, बाई, खुशाल जा. ज्ञान हवंच, मैत्री हवीच, एकट्याने हे काम होत नाही, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. पण भरून जातेस तशी भरून ये. आणि तुला भरणाऱ्यांना सांग, पाहुण्याला हात आखडू नका, फक्त लेकराच्या अंगातलं रक्त हा चहा नव्हे. पहिली नळी घरात ठेवा.

संध्याकाळ झाली की आई मशीन थांबवते आणि धाकट्याला गोळी देते. तो ती हळूहळू गिळतो. मग तो माझ्यावर बसून रस्त्यावरच्या पोरांकडे बघतो. त्याचे पाय माझ्या कडेला लोंबतात, चवडे खाली, ताठ. मी वाट बघत असते. त्याच्या टाचा माझ्या अंगाला लागत नाहीत.